कालवणाची परवानगी

माझ्या आईने नाही म्हटले नव्हते. नाही मी म्हटले, आणि ते तिच्या तोंडी घातले. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे कोणालाच सांगितली नाही. जिला सांगायला हवी होती, तिला तर मुळीच नाही.

सासरे शेवटच्या आजारात आमच्या शहरातल्या घरी होते. त्यांचे गाव गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. शेती होती, पण जीव सारा गळ टाकून बसण्यात. अन्न जाईनासे झाले तेव्हा त्यांनी लेकीकडे माशाचे कालवण मागितले. आमचे घर माळकरी. लग्नानंतर पत्नीने मासा सोडला होता आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नव्हती. आईला तू विचार, असे तिने मला सांगितले. सुनेने असले काही तोंडाने मागणे तिला अवघड वाटत होते.

आई देवघरात वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मागं अंगणात चूल मांड म्हणावं तिला. भांडी तेवढी येगळी ठेवा. बापाचा जीव हाय तो."

अंगणाच्या भिंतीपलीकडे माझ्या चुलत्यांचे घर. तिथे रोज संध्याकाळी हरिपाठ चाले. वास पलीकडे जाईल, काका चारचौघांत विचारतील, तेव्हा मी काय सांगू, एवढाच विचार माझ्या मनात आला. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मी पत्नीला म्हणालो, "आई नको म्हणते." ती "बरं" म्हणाली. सासऱ्यांना तिने मुगाच्या डाळीचे पाणी दिले. त्यांनी वाटीत पाहिले आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "जावईबापू, ह्यात काटं नाय, तेवढं बरं हाय." त्याच आठवड्यात ते गेले.

पुढे आई अंथरुणाला खिळली. पत्नीने तिचे सारे केले. आंघोळ, औषधे, पथ्य, कशातच उणे नव्हते. फक्त काम आटोपल्यावर ती आईच्या खाटेवर टेकत नसे. आईने एकदा मला विचारले, "सून लई गुणाची हाय, पण बोलत नाय माझ्यासंगं. माझं काय चुकलं का रे?" मी तिचे पांघरूण सारखे केले. उत्तर न मिळताच ती गेली.

त्यानंतर मी रविवारी एकटाच नदीवर जाऊ लागलो. धरणाचा फुगवटा जिथवर येतो तिथे काठावर उद्यान झाले आहे. फिरायला पायवाट आहे, एकट्याने वल्हवायची कयाक नावाची अरुंद होडी भाड्याने मिळते, आणि एका टोकाला गळ टाकून बसता येते. घरी मी "फिरायला जातो" एवढेच सांगे. निघताना डब्यातली थोडी कणीक आमिषाला घेई. लागलेला मासा सोडवून पुन्हा पाण्यात टाकी आणि परतण्यापूर्वी हात मातीने घासून धुई. सासऱ्यांच्या जागी बसून आपण काही फेडतो आहोत, अशी माझी समजूत असावी. प्रत्यक्षात मी फक्त माशांचे ओठ फाडत होतो.

कयाकमध्ये माणूस पाण्याच्या इतका जवळ बसतो की काठ उंच वाटू लागतो. मधोमध गेल्यावर वल्हे मांडीवर आडवे ठेवून मी पत्नीला सांगायचे ते मोठ्याने म्हणून पाही. पाण्यावर ते सहज निघे. घरी चपला काढेपर्यंत त्याची धार गेलेली असे, आणि मी चहा मागत असे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी काठावर पिशवी उघडली, तर माझ्या कणकेशेजारी कागदात बांधलेला दुसरा गोळा होता. कागद सोडताच हिंगाचा वास आला. सासरे रोहूसाठी कणकेत हिंग मळत. आमच्या घरात हे ठाऊक असलेले माणूस एकच होते.

मला गळ टाकवेना. कयाकही घेतली नाही. पायवाटेने चालत राहिलो. पुढे दोन गृहस्थ धरणात किती टक्के पाणी उरले यावर तावातावाने वाद घालत होते; त्यांच्या मागे मागे बराच वेळ गेलो आणि मग घराकडे वळलो.

पत्नी जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "लागला का रोहू?"

तुला कधी कळले, असे मी विचारले.

"पहिल्याच दिवशी. मातीनं जात नाय तो वास, लिंबू चोळावं लागतं. माझ्या बापाचा जन्म गेला त्यात." मग जुडी सोडता सोडता म्हणाली, "बोलले नाही. म्हटलं, आत्याबाई होत्या तोवर ह्या घरात काही चाललं नाही. आता करतायत, तर करू द्या."

हे ती सहज बोलून गेली होती. तिच्या मनात आई अजून त्या दारात आडवी उभी होती, आणि तिथे तिला मीच उभे केले होते. आताही गप्प राहिलो असतो, तर ती कायमची तिथेच राहिली असती. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आईनं त्या दिवशी हो म्हटलं होतं," मी म्हणालो. "अंगणात चूल मांड, म्हणाली होती. नको म्हणणारा मी होतो. काकांना काय वाटेल, एवढ्यासाठी. तुझ्या वडिलांना मी तसंच जाऊ दिलं, आणि तुझा राग आईला सोसायला लावला. तिनं मला विचारलं होतं, माझं काय चुकलं म्हणून. तिचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ कर."