सुनंदाचे सव्वीस धडे

आता कुठून सुरू करू, तुम्हीच सांगा. माझे घोटाळे मोजायला बसलो तर तुमचा चहा गार होईल. पण हा एक अजून माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणून सांगून टाकतो.

नांदेडला एका सरकारी कचेरीत मी तीस वर्षं आवक-जावक कारकून होतो. टपालावरचा विषय बघायचा, यादीशी ताडायचा, टिक करायची. आतलं पत्र वाचायचं काम साहेबांचं. माझ्या हातून एकही कागद हरवला नाही, याची मला फार ऐट.

बायको सुनंदा प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळा बंद होत्या तेव्हा तिनं तिसरीच्या मुलांसाठी लॅपटॉपवर सव्वीस धडे रेकॉर्ड केले. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिचा आवाज तेवढा त्या लॅपटॉपमध्ये राहिला. मी रोज संध्याकाळी एक धडा लावायचो. या वयात माझा तिसरीचा अभ्यास पक्का झाला, बघा.

मग लॅपटॉप थकला. बटण दाबून मी दाढी करून यायचो, तरी तो सुरूच होत असायचा. वर रोज सूचना, की तुमची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली, अपग्रेड करा. करावं तर धडे जायची भीती, न करावं तर मशीनच बसायची भीती. लातूरहून लेक म्हणायची, बाबा, काय ते ठरवा. मी आणि ठरवणार? घरात भाकरी की पोळी, हेसुद्धा सुनंदा ठरवायची.

एके दिवशी धडा चालू असताना स्क्रीन गोठली. सुनंदा बोलता बोलता तशीच थांबली. मला ते बघवेना. लॅपटॉप उचलला आणि दुरुस्तीवाल्या मकबूलभाईंकडे नेला.

ते म्हणाले, "काका, सगळं पुसून नवीन सिस्टिम टाकावी लागंल. आधी तुमचं जे काय हाय ते काढून घ्या."

लॅपटॉप घेऊन घरी आलो. सव्वीस धड्यांची चिन्हं सुनंदानंच स्क्रीनवर ओळीनं मांडलेली होती. सगळी पेनड्राइव्हवर टाकली. क्षणात गेली! सव्वीस व्हिडिओ, आणि क्षणात? दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. मला वाटलं, पेनड्राइव्ह भारीतला दिसतोय. मग वही काढली, नावं लिहिली, एकेक ताडून टिक केली. सव्वीसला सव्वीस.

"काका, उघडून बघितलं का?" लॅपटॉप परत दुकानात नेला तेव्हा मकबूलभाईंनी विचारलं.

मी वही पुढं केली.

"यादी ठीक हाय. पण उघडून बघितलं का?"

"मकबूलभाई, तीस वर्षं हेच काम केलंय."

माझ्या वयाचा मान ठेवून बिचाऱ्यांनी लॅपटॉप पुसायला घेतला.

लॅपटॉप तरणाबांड होऊन आला. पेनड्राइव्ह लावला, पहिला धडा दाबला. काही नाही. दुसरा, तिसरा, सगळे सव्वीस दाबून झाले. तसाच परत दुकानात गेलो. मकबूलभाईंनी चिन्हाच्या कोपऱ्यातला बारीक बाण दाखवला. "हे शॉर्टकट हायत, काका. धडा कुठं ठेवलाय ते दाखवणारी नुसती पाटी. असली धडे मशीनमधी होते."

आणि मशीन मीच पुसून घेतलं होतं. त्यांनी चार दिवस खटपट केली, पण हाती काही लागलं नाही. लेकीला फोनवर सांगताना मी रडलो. तुमच्यापासून काय लपवायचं?

लेकीनं सुनंदाच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी केली. अर्धापूरच्या एका मुलीच्या आईनं तेव्हाचा एक ऑनलाइन वर्ग फोनवर रेकॉर्ड केलेला निघाला. एकच. तिनं तो पाठवला आणि मी तो लॅपटॉपवर घेतला. या वेळी आधी उघडून बघितला.

सुनंदा आली. चष्मा सारखा केला. "मुलांनो, आवाज येतोय ना?"

तेवढ्यात मागून माझा आवाज. "अगं, चहा टाकतीस का न्हाई?"

ती हसली. "थांबा हं मुलांनो, आलेच." आणि उठून गेली.

पुढं सहा मिनिटं नुसती रिकामी खुर्ची. ती परत यायच्या आत त्या बाईंच्या फोनमधली जागा संपली.

नवीन सिस्टिमवर व्हिडिओ झकास चालतो. कुठं अडकत नाही. रोज संध्याकाळी लावतो, आणि रोज मीच तिला उठवतो.