फागू मैलकुलीचं संशोधन

आयुष्यात काय केलंस असं कोणी विचारलं, की फागू सांगायचा, "गटारं काढली." यात खोटं काही नव्हतं. बांधकाम खात्यात तो एकतीस वर्षं मैलकुली होता. मोखाड्याच्या रस्त्यावरचा घाटाचा एक तुकडा त्याच्या गँगच्या वाट्याला होता. खड्डे भरायचे, कडेचं गवत कापायचं आणि पावसाच्या आधी रस्त्याखालच्या मोऱ्या मोकळ्या करायच्या. तुंबलेलं पाणी दिसलं की त्याचा हात आपोआप फावड्याकडे जायचा. निवृत्त होऊन सूर्यमाळच्या पाड्यावर घरी बसला, तरी ही खोड गेली नाही. शेजारच्या मंगळ्याच्या अंगणातलं सांडपाणी त्याने एकदा न विचारता वळवून दिलं. ते फिरून फागूच्याच चुलीत आलं.

अशा माणसाला एक दिवस संशोधनात घेतलं.

घेणारी त्याची भाची, वर्षा. बहिणीची मुलगी. पाड्यावरून शिकत शिकत ती भूगोलात पीएच.डी. झाली होती आणि जव्हारच्या एका कॉलेजात तासांवर शिकवत होती. तास असतील तितका पगार, सुट्टीत काही नाही. सूर्यमाळचे झरे उन्हाळ्यात का आटतात, याचा तिला तीन वर्षं अभ्यास करायचा होता. त्यासाठी निधी हवा होता. निधी देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, असं ती सांगायची. अटी त्याहून पुष्कळ. पहिल्या वर्षी तिचा अर्ज परत आला, कारण कॉलेजच्या पत्रावर जावक क्रमांक नव्हता. दुसऱ्या वर्षी प्रवास आणि साहित्य हे खर्च एकाच रकान्यात पडले होते. तिसऱ्या वर्षी सगळं नीट होतं, पण झऱ्यांच्या प्राथमिक नोंदी जोडल्या नव्हत्या. आता चौथा आणि शेवटचा. अर्जाच्या शेवटच्या तारखेला वय पस्तिशीच्या आत हवं, अशी अट होती. तारीख होती एकतीस मे. वर्षाला नऊ जूनला पस्तीस पूर्ण होणार होती.

मार्चमध्ये ती चाळीस पानांचा फॉर्म घेऊन आली.

"मामा, गावातला एक सहकारी दाखवावा लागतो. तुझं नाव टाकते."

"मी काय करायचं?"

"आठ आठवडे, दर मंगळवारी दोन झऱ्यांचं पाणी मोजायचं. पन्हळीखाली दहा लिटरची बादली धरायची. किती सेकंदात भरली ते वहीत लिहायचं. बस."

"बस?"

"बस."

एवढ्याशा कामाला माणूस कशाला लागतो, ते फागूला कळेना. पण त्याने मान हलवली. वर्षा एकेक रकाना वाचायला लागली.

"शिक्षण?"

"चौथी. आश्रमशाळा."

"संशोधनाचा अनुभव?"

फागूच्या आधी त्याची बायको सुकरी चुलीजवळून बोलली, "रोज सकाळी स्वतःची बिडी शोधतो. लिही."

वर्षा हसली. "आता हे. या कामात तुझे श्रम किती टक्के?"

"शंभर."

"नाय मामा, वीस लिहायचे असतात."

"वीस टक्के काम करणाऱ्याला आमच्या मुकादमाने हाकलून दिलं असतं."

"अरे, पूर्ण आठवड्यातले वीस."

"मग मंगळवारचे शंभर लिही."

तिने वीसच लिहिले. फागू दोन दिवस घुश्शात होता.

पहिल्या मंगळवारी मात्र तो निरोपसमारंभाचा पांढरा शर्ट घालून निघाला. झरे घराच्या खाली, पंधरा मिनिटांवर. फागू आधी वर जीपच्या थांब्यावर गेला. तिथे चार माणसांना "संशोधनाला चाललोय" असं सांगितलं आणि मग खाली उतरला. चौघांपैकी एकानेही पुढे काही विचारलं नाही.

उंबराखालच्या झऱ्याला बादली भरायला एकशे चाळीस सेकंद लागले. खडकातल्या झऱ्याला दोनशे दहा. फागूने ते वहीत लिहिलं. संशोधन संपलं.

पण डोळे होते ना. एकशे चाळीस सेकंद त्याला नुसतं उभं राहावं लागलं होतं आणि समोर झऱ्याच्या तोंडाशी वीतभर गाळ होता. उंबराच्या मुळ्या आत घुसल्या होत्या. पाला कुजला होता. खेकड्याच्या बिळातून निम्मं पाणी चोरासारखं बाजूने पळत होतं. फागूने इकडेतिकडे पाहिलं. शर्ट काढून फांदीवर टांगला. घरून फावडं आणि घमेलं आणलं.

यात आपण काही वावगं करतो आहोत, असं त्याच्या मनातही आलं नाही. खळं सारवल्याशिवाय कोणी मळणी करतं का? मोजायचं तर पाणी तरी धड मोजावं. पुढच्या मंगळवारी त्याने मुळ्या तोडल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी बिळं चिकणमातीने बुजवली. आधी मोजायचं, मग साफ करायचं. बादली दर आठवड्याला लवकर भरायला लागली. पाड्यावरच्या बायांचे हंडेही लवकर भरायला लागले. सुकरीसुद्धा एकदा म्हणाली, "या वयात कामाला लागलास म्हणायचं." लग्नापासून तिने केलेलं हे पहिलं कौतुक. फागू आणखी जोरात खणायला लागला.

पाड्यावर फोनला रेंज नीट नाही. वर्षा परीक्षांच्या कामात होती. अधूनमधून फोन लागला की ती विचारायची, "नोंदी चालू आहेत ना?" फागू सांगायचा, "एक खाडा नाय." आकडे त्याने मुद्दाम सांगितले नाहीत. आठही आठवड्यांचे एकदम दाखवून तिला खूश करायचं होतं.

मेच्या मध्यावर ती लॅपटॉप घेऊन आली. ओट्यावर बसून तिने वही उघडली. बोट वरून खाली नेलं. मग खालून वर.

"मामा, हे उलटं कसं?"

"उलटं कुठं? पाणी वाढलंय."

"एकशे चाळीसवरून पंच्याऐंशी? मे महिन्यात?"

"कष्ट केले तर वाढतं," फागू म्हणाला आणि सगळं सांगितलं. गाळ, मुळ्या, खेकडे. सांगताना त्याची छाती फुगली होती. वर्षाचं तोंड पाहून ती हळूहळू खाली बसली.

तिने शांतपणे समजावलं. झरा उन्हाळ्यात आपसूक किती कमी होतो, ते दाखवायचं होतं. त्याला हात लावायचा नव्हता. आता परत आठ आठवडे मोजायला वेळ नाही. सोळा दिवस उरलेत. एवढं बोलून ती उठली आणि कोणी न सांगता खरकटी भांडी घासायला बसली.

मुकादमाने शिव्या घातल्या की काम चुकलं एवढंच कळायचं. भाची भांडी घासायला लागली, तेव्हा आपण माणूसच चुकलेला आहोत, असं फागूला वाटलं. एकतीस वर्षं तो खात्यात होता, तेव्हा खात्याने त्याला एकट्याला कधी कुठे सोडलं नव्हतं. का, ते त्याला आता कळलं.

मंगळ्या कुंपणापलीकडून ऐकत होता. तो आत आला.

"फाग्या, एवढं तोंड पाडायला काय झालं? आकडे उलटे लिहा. शेवटचा पहिला, पहिला शेवटी. संस्थेची माणसं काय बादली घेऊन येणार हायेत?"

सल्ला सोपा होता. फागूला तो मनातून पटलाही. नंतर त्याने स्वतःच कबूल केलं. तो वर्षाकडे बघत राहिला. तिने राखेचे हात धुतले आणि वही घेतली. तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिलाच माहीत. पण तिचा अंगठा शेवटच्या आकड्यावर होता, हे फागूने पाहिलं. ही पोर चौथीत असताना पाढा चुकला म्हणून स्वतःहून छडी खायला उभी राहायची. आणि आज मामाच्या फावड्यापायी खोटं लिहिणार?

"माझं नाव काढ," तो म्हणाला. "लिही की एका गाढवाने झरा उकरला."

वर्षाने वर पाहिलं. "गाढवाने किती उकरला?"

"पहिल्या मंगळवारी उंबराखाली सात घमेली गाळ. खडकात चार. दोन तास."

"आणि दुसऱ्या?"

"उंबराखाली तीन घमेली. मुळ्या वेगळ्या, एक भारा. दीड तास. खडकाला हात नाय लावला, कंबर धरली होती."

वर्षाने लॅपटॉप उघडला. "थांब. हळू सांग."

किती घमेली टाकली, हे मैलकुली विसरत नाही. संध्याकाळी मुकादमाला सांगावं लागतं, आणि एक घमेलं जास्त सांगितलं तर गँगमधला दुसरा लगेच खोकतो. फागूने तिसरा मंगळवार सांगितला. पाचवा सांगितला. चौथा गाळला.

"चौथा?"

"त्याचं सांगता येत नाय. रिकामा ठेव."

"अंदाजे?"

"अंदाज नको. रिकामा ठेव."

वर्षाने आग्रह केला नाही. संध्याकाळपर्यंत तक्ता तयार झाला. एका बाजूला घमेली आणि तास, दुसऱ्या बाजूला सेकंद. मग तिने अर्जाचा विषयच बदलला. झरा का आटतो, याऐवजी माणसाने हाताने साफ केला तर त्यातलं किती पाणी परत मिळतं. विषय बदलला म्हणजे सगळंच बदललं. सारांश नवा, उद्दिष्टं नवी, प्राचार्यांचं पत्र नवं, ग्रामसभेचा ठरावही नवा. फागू तिच्याबरोबर जव्हारला गेला आणि सहीसाठी चार तास बाकावर बसला. बसणं हे किती अवघड काम आहे, ते त्याला त्या दिवशी कळलं. पत्र हातात आल्यावर त्याने पहिल्यांदा जावक क्रमांक शोधला. अर्ज एकोणतीस तारखेला गेला.

ऑगस्टमध्ये मुलाखत झाली, कॉलेजातल्या संगणकावर. गावातल्या सहकाऱ्याने हजर राहायचं होतं. पडद्यावर तीन माणसं होती. मधल्या वयस्कर बाईंनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "चौथ्या आठवड्याचे श्रम का लिहिलेले नाहीत?"

वर्षा काही बोलणार, एवढ्यात फागू उभा राहिला. खात्यात साहेब बोलला की उभं राहायची सवय. पडद्यावर त्यांना फक्त त्याचा पट्टा दिसायला लागला.

"मॅडम, मी दाभोशाला लग्नाला गेलो होतो. सकाळच्या जीपने आलो. ताडी उतरली नव्हती. बादली मोजली, घमेली नाय मोजली."

वर्षाने डोळे मिटले. पडद्यावरचे तीनही चेहरे इतके स्थिर झाले, की नेट गेलं असं फागूला वाटलं.

"बादली तरी नीट मोजली का?" बाईंनी विचारलं.

"दोनदा मोजली. पहिल्यांदा पालथी धरली होती."

डावीकडचा माणूस तोंडावर रुमाल धरून खाली वाकला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या वर्षाला म्हणाल्या, "तुमच्या तक्त्यात तुलनाच नाही. दोन्ही झरे साफ केलेत. एखादा तसाच ठेवला नाही, मग पाणी साफसफाईनेच वाढलं हे कशावरून?"

"बरोबर आहे," वर्षा म्हणाली. "ते चुकलं. निधी मिळाला तर आधी तेच करीन."

ऑक्टोबरात पत्र आलं. मागितली होती तीन वर्षं, मंजूर झालं एक. प्राथमिक काम कच्चं आहे, नोंदींवर मात्र विश्वास ठेवता येतो, असं त्यात लिहिलं होतं. वर्षभरात निकाल दिसला तर पुढचं बघू. आणि अट अशी, की एक झरा पूर्ण वर्ष कोणीही साफ करायचा नाही. "कोणीही"च्या खाली रेघ होती. ती संस्थेने मारली होती की वर्षाने, हे तिने सांगितलं नाही.

"माझं ऐकलं असतं तर तीन वर्षं मिळाली असती," मंगळ्या म्हणाला.

"असेलही," फागू म्हणाला. खरंच असेल, असं त्याला वाटत होतं. पण वर्षाने ते पत्र चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा मामीला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणून त्याने तो विचार पुढे नेला नाही.

आता कुठला झरा घाण ठेवायचा? वर्षाने पाड्यावरच्या बायांना बोलावून विचारलं. सुकरी सगळ्यांच्या वतीने बोलली, "तुमच्या अभ्यासापायी आमचे हंडे रिकामे नाय राहणार. करवंदीच्या जाळीतला ठेवा. तिथं गुरांशिवाय कोणी जात नाय." तसंच ठरलं. त्या झऱ्याचं पाणी मोजायचं काम फागूकडे आलं, कारण वर्षाच्या मते त्याला हात आवरायची सवय लागणं आवश्यक होतं. वहीत तिने या वेळी एक रकाना वाढवून दिला: केलेलं काम.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी फागू फावडं घरी ठेवून गेला. बादली लावली. करवंदीखालच्या दगडावर बसला. पन्हळीतून पाणी बोटभर धारेने येत होतं. झऱ्याच्या तोंडाशी गाळ होता, गाळावर पाला होता आणि पाल्यातून एक खेकडा निवांत जात होता. त्याने उकरलेल्या बिळातून पाणी पलीकडे झिरपत होतं. मूठभर चिकणमातीचं काम. फागूने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसला.

बादली भरायला तीनशे दहा सेकंद लागले. खात्री करायला त्याने आणखी दोनदा मोजलं. मग वही गुडघ्यावर घेतली, तारीख घातली, सेकंद लिहिले आणि शेवटच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: काही नाही. फार दमलो.