भर हंगामात वखारीबाहेर

रा. रा. भिकाजीशेट यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला त्यांची फक्त पाठ दिसली. कर्जत स्टेशनालगतच्या त्यांच्या वखारीत मी कारकुनी मागायला गेलो होतो, आणि शेट गवताच्या गंजीत खांद्यापर्यंत हात खुपसून उभे होते. मला वाटले, काही हरवले असावे. "थांब रं जरा," मान न वळवता ते म्हणाले, "आत ऊब हाय का बघतोय."

मुंबईच्या तबेल्यांतले घोडे आमच्या कर्जत-खालापुराच्या माळांवरचे गवत खातात, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. पण गवत ओलसर राहिले तर गंजी आतल्या आत तापते आणि एके दिवशी आपोआप पेटते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. म्हणून हात घालून पाहायचे. आमच्या वखारीत तो हात फक्त शेटांचा. खरे सांगायचे तर आम्हा सर्वांची त्यात मोठी सोय होती. जोखीम शेटांची, पगार आमचा!

मग एका हंगामात शेट तापाने अंथरुणाला खिळले. गंज्या उभ्या, आणि आम्ही सारे शहाणे "शेट उठले की बघतील" म्हणत बसून राहिलो. सर्वांत मोठी गंजी जळून खाक झाली. आता आपली धडगत नाही, असे म्हणत आम्ही माना खाली घालून त्यांच्या घरी गेलो. शेट उशीला टेकून म्हणाले, "ती गंजी मीच पेटवली. तुमचं हात मीच बांधून ठेवलं होतं."

पुढच्या दसऱ्याला त्यांनी जाहीर केले की, संक्रांतीपर्यंत आपण वखारीत पाऊल टाकणार नाही, खालापुराकडे बहिणीच्या घरी राहणार. सारा बाजार हसला. व्यापारी विश्रांती घेतो ती पावसाळ्यात, वखार रिकामी असताना. हा गृहस्थ भर हंगामात चालला! "शेट येडं झालं," असे लोक उघड बोलू लागले. शेटांच्या पत्नी काशीबाईकाकू म्हणाल्या, "माज्या माहेरी कदी दोन दिस आलं नाय, नि आता भैनीकडं ठाण मांडतात!" बोचकी मात्र त्यांनीच हौसेने बांधली. शेटांचे म्हणणे साधे होते. रिकाम्या वखारीतून कोणीही उठून जाईल. भरलेल्या वखारीतून मालकाला उठता आले पाहिजे.

वखार माझ्यावर सोपवून ते उठून गेले, आणि अडकलो मी. दिवाळी उलटल्यावर कापलेल्या गवतावर अवकाळी सर येऊन गेली. मालगाडीचे डबे येऊन लागलेले, मुंबईच्या ठेकेदाराचा माणूस डोक्यावर उभा. मी गंजीत हात घातला. ऊब लागली; पण ती उन्हाची की आतली? तसेच भरावे तर वाटेत पेट घेईल. मोडून वाळत घालावे तर डबे रिकामे जातील, गिऱ्हाईक तुटेल, आणि वखारीवर पेटणाऱ्या साऱ्यांच्या चुली थंड पडतील. माझी पाचावर धारण बसली. बैलगाडी जुंपून तडक खालापूर गाठले.

शेट अंगणात सुंभ वळत बसले होते. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गवत तिथं हाय, मी हितं. हात तुजा हाय. काय लागलं हाताला?"

"ऊब लागली, शेट. पण खात्री नाही."

"मला तरी कदी होती रं? जेव नि जा."

बस्स, एवढेच! मी रागारागाने जेवलो. अर्ध्या वाटेत मात्र डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षे ज्या हातावर आम्ही निर्धास्त होतो, त्या हातालाही खात्री नसायची. शेट फक्त ठरवायचे आणि निभावून न्यायचे. वखारीत येताच मी गंजी मोडायला लावली. ठेकेदाराच्या माणसाने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वरचे थर निघाले, आणि मधल्या तपकिरी पडलेल्या गवतातून भसकन वाफ आली. तो मागे सरकला. गवत वाळवून मग पाठवले, गिऱ्हाईक टिकले. संक्रांतीला शेट आले, तिळगूळ वाटला, आणि त्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढले नाही.

तेव्हापासून दर हंगामाचा हा नेम आहे. वखार खचली नाही, उलट शेलूला दुसरी उभी राहिली. माझी पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली तेव्हा शेटांनी मलाही सक्तीने घरी धाडले. मी कां कूं करताच म्हणाले, "तू नसलास तर काय गवत उगवायचं थांबंल?"

शेटांच्या या गौरवग्रंथाच्या निमित्ताने मी नुकताच त्यांच्या भगिनींना भेटलो. बोलता बोलता म्हटले, "त्या दिवशी शेटांनी मला असे वाटेला लावले! काळीज दगडाचे हो त्यांचे."

"दगडाचं?" बाई हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. "तुमी गेलात नि दादानं बैल जुंपलं. नदीपातुर गेला, परत आला. बैल सोडलं, पुन्हा जुंपलं. शेवटी मला म्हनला, बाय, ह्ये जू कुठंतरी लपवून ठेव. मी गेलो तर त्यो जन्मात हात घालायचा नाय."

व्यापारी बंधूंनो, याला म्हणतात रजा घेणे.

शेटांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ईश्वराने त्यांना धडधाकट शंभरी द्यावी, आणि प्रत्येक हंगामात बहिणीच्या अंगणातच ठेवावे. जू आता खुशाल समोर असू द्या, शेट. आम्ही आहोत.