हे पान बंद करू नये

सचिनच्या औद्योगिक वसाहतीतून शेठचा फोन आला तेव्हा मी डिंडोलीतल्या घरी लॅपटॉपपुढे बसून स्वतःच्याच कामाचं कौतुक करत होतो.

"तुमचे खानदेशी मास्तर घेऊन जा," शेठ म्हणाले. "पिस्ता सांगितला, पोपटी काढला. दोन लॉट गेले. चार वाजताचा तिसरा बिघडला तर उद्यापासून त्यांनी यायचं नाही."

शेठच्या कारखान्यात साड्यांचं कापड रंगतं. मास्तर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आयुष्यभर रंग तोलत आलेले. रंगघरात नेटवर्क येत नाही, म्हणून मी त्यांना नेटवर्कशिवाय चालणारं वेबपान करून दिलं होतं. टॅबलेटवर रंगाची कृती दिसते, मास्तर तोलतात, नोंद करतात आणि पाळी संपली की टॅबलेट ऑफिसात नेऊन नोंदी पाठवतात. नेटवर्क नसताना पान पुरवायला ब्राउझरमध्ये एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो, त्याला सर्व्हिस वर्कर म्हणतात.

आठवड्यापूर्वी आलेला पिवळा फार जहाल निघाला, म्हणून मी कृतीत त्याचं प्रमाण निम्मं केलं होतं, वर्षभरातला पहिलाच बदल. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नवा आकडा होता. माझ्या लॅपटॉपवर नवा आकडा होता. "पडद्यावर होतं तेच तोललं," एवढंच मास्तर म्हणत होते. शेठला पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

कारखान्यात जाऊन टॅबलेट पाहिला. जुना आकडा.

"मास्तरांनीच काहीतरी दाबलं असणार," शेठ म्हणाले. मी मान डोलावली. ती मान मला अजून टोचते.

टॅबलेट ऑफिसात आणला. रिफ्रेश केलं. जुनाच. वायफाय बंद करून चालू केलं. जुनाच. लॅपटॉपवर तेच केलं, लख्ख नवा. माझं यंत्र मला शाबासकी देतंय आणि मास्तरांचं थोबाडीत मारतंय. सर्व्हर तपासला, फाइली तपासल्या, स्वतःचीच अक्कल तपासली. तीन वाजले.

"काय करी ऱ्हायना भाऊ?" मास्तरांनी विचारलं.

"रिफ्रेश."

"आमच्यात याला घासणं म्हणतात. डाग निघत नसेल तर निदान कापड फाडू नको."

"मग कागदावर आकडा लिहून देतो."

"नाही," शेठ म्हणाले. "पडद्यावर असेल तेच तोलायचं. नियम तुम्हीच घालून दिलाय."

तेवढ्यात टॅबलेटची बॅटरी संपत आली. चार्जर लावायला तो उलटा केला आणि मागे चिकटवलेली चिठ्ठी दिसली. मोठ्या, सुबक अक्षरात: "हे पान कधीही बंद करू नये."

अक्षर माझं.

वर्षापूर्वी पान बंद केलं की न पाठवलेल्या नोंदी उडायच्या. तो दोष मी लगेच टॅबलेट हातात घेऊन काढला, पण चिठ्ठी काढायची राहिली. मास्तरांनी वर्षभर पान बंद केलं नव्हतं. नवा आकडा घेऊन आलेला नवा वर्कर टॅबलेटवर आठवडाभर हजर होता, पण गिरणीतल्या बदली कामगारासारखा दाराशी उभा. पान उघडं आहे तोवर जुना जागेवरून उठत नाही. रिफ्रेश केलं तर नुसती कूस बदलतो. माझ्या लॅपटॉपवर मात्र मी दर रिफ्रेशला जुन्याला हाकलायची सोय करून ठेवली होती आणि ते साफ विसरलो होतो. ऑफिसातला कॉम्प्युटर तर रोज संध्याकाळी बंदच होतो.

मी गुपचूप चिठ्ठी सोलली आणि मुठीत धरली. सगळं नेटवर्कवर ढकलून देता आलं असतं. नेटवर्क बिचारं कुठे बोलायला येतं?

"मुठीत काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

मी मूठ उघडली.

"शेठसमोर वाच. मोठ्यानं."

वाचलं. शेठनी चिठ्ठी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तरांची माफी दोघांच्याही वतीनं मीच मागितली. शेठच्या वाट्याची अजून शिल्लक आहे.

"आता बंद करा, मास्तर."

"सकाळच्या नोंदी?"

"जाणार नाहीत."

"मागच्या वेळी तूच म्हणाला होता, जातील."

त्यांनी पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. पिवळा निम्मा. सकाळच्या नोंदी जागेवर.

तिसरा लॉट पिस्ता निघाला. शेठ नमुन्याशेजारी कापड धरून बराच वेळ पाहत राहिले, मग मास्तरांना म्हणाले, "उद्या वेळेवर या." मास्तरांनी टेबलावरची चिठ्ठी उचलून घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. अजून ती तिथेच असते. मी रंगघरात काही नवं सांगायला गेलो की आधी ती काढून माझ्यासमोर ठेवतात आणि मग म्हणतात, "हं, बोल."