खुर्ची भंगारात जाणार नाही

आमच्या घराचा जिना सोळा पायऱ्यांचा. त्याच्या कडेने लोखंडी रूळ आणि त्या रुळावरून बटण दाबलं की वर-खाली जाणारी खुर्ची. ह्यांच्या पायांतली ताकद गेली तेव्हा ती कुणाच्या तरी घरातून जुनीच आणली होती. शेवटची चार वर्षं हे तिच्यावरून ये-जा करत, तीही पेपर वाचत.

हे गेले आणि भेटायला माणसं येऊ लागली. एव्हरशाईन कॉलनीतलं आमचं रो-हाऊस अरुंद, दार उघडलं की समोर जिनाच. गेलेल्या माणसाच्या खुर्चीवर चुकून कुणी टेकू नये म्हणून माझ्या नणंदेने ती अर्ध्या जिन्यापर्यंत वर नेऊन ठेवली. थोड्या वेळाने ती टीं-टीं वाजायला लागली. एवढी माणसं गप्प बसलेली आणि ही मधेच वाजतेय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठले आणि खुर्चीच्या कडेचं मुख्य बटण बंद केलं. तेराव्यानंतरही ते चालू करायचं कुणाला सुचलं नाही.

तीन महिन्यांनी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. बटण लावलं, तर खुर्ची ढिम्म. कंपनीचा माणूस आला, लांबूनच बघून म्हणाला, "मॉडेल जुनं आहे, पार्ट मिळणार नाहीत."

"आई, तू खालच्या खोलीत ये," मुलगा म्हणाला. "कामणचा एक भंगारवाला आहे, त्याला रविवारी बोलावतो."

खालची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची. तिथे तांदळाचं पिंप, इस्त्रीचा ढीग आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला नाक लावून उभी असलेली खिडकी. वरच्या खोलीत माझं कपाट, माझी पुस्तकं, माझं दार आतून लावून घेण्याचं स्वातंत्र्य. मला राग आला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं ते काय पिंपाशेजारी झोपायला?

फुलपाड्याला इन्व्हर्टर दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. त्याला मी शनिवारी बोलावून घेतलं, घरात कुणालाही न विचारता. त्याने खुर्चीखालचं झाकण उघडलं.

"मॅडम, मशीन ठणठणीत आहे. बॅटऱ्या मेल्यात. किती दिवस अशी मधेच उभी आहे?"

रुळाच्या दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या होत्या. खुर्ची तिथे टेकली तरच चार्ज होते, मधे ठेवली की वाजून सांगते. म्हणजे ती भुकेने ओरडत होती आणि विज्ञानाच्या बाईंनी तिचं तोंड बंद केलं होतं! मला स्वतःचीच लाज वाटली. बॅटऱ्या दोनच, त्याही कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असतात तसल्याच. तासाभरात खुर्ची गुरगुरत वर गेली, माझ्यासकट.

रविवारी टेम्पो दारात आला तेव्हा मी खुर्चीवर बसूनच खाली उतरले.

"त्याला परत पाठव," मी मुलाला म्हटलं.

नणंद आलेलीच होती. "वहिनी, गेलेल्या माणसाची वस्तू वापरू नये."

"घरही त्यांचंच होतं. तेही चढवा टेम्पोत."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. मुलगा मात्र अडून बसला. "पुन्हा बंद पडली तर? मधेच अडकलीस तर?"

"हाक मारीन. बहिरा नाहीस तू."

तो हसेल असं वाटलं होतं, पण तो रुळाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आई, बाबांना मी याच खुर्चीवरून उचलून गाडीत नेलं. परत आणलंच नाही. मला रोज ती दिसते गं."

इतके दिवस मला वाटत होतं, ह्याला माझी अडचण होते. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि फिरवलाही. पण त्याच्या दुःखापायी मी पिंपाशेजारी जाणार नव्हते.

"तेव्हा ती बाबांची होती," मी म्हटलं. "आता माझी आहे. मलाही उचलायची वेळ येईल, तेव्हा वर ये आणि माझ्या खोलीतून उचल."