पाटावरच्या चौदा फेऱ्या

गोरक्षनाथ येड्या बाभळीच्या आडोशाला उकिडवा बसून पाटाच्या रस्त्याकडं बघून राह्यला व्हता. मोटरसायकल मागं उसात आडवी घातल्ती. खोकला आला की तोंडात उपरण्याचा बोळा घालून दाबत व्हता. पहाटेचे पाच वाजले व्हते. त्यो माणूस कोण हे आज बघायचंच, अन् बघितल्यावर त्याला पाटात बुडवायचं का नुसतं बडवायचं, एवढंच ठरायचं राह्यलं व्हतं.

त्यो माणूस म्हंजे त्याच्या बहिणीचा, प्रांजलीचा. असा कुणी हाय हे कुणी डोळ्यानं बघितलेलं न्हाई. पर तीन दिवसाखाली कडूबाईनं, म्हंजे त्याच्या आईनं, गोरखला मेंढरांच्या गोठ्यामागं नेलं अन् लांब कुठंतरी बघत सांगितलं, “तुझ्या बहिणीला तीन महिने झाले. पाळी न्हाई.”

पोराला आईनं असलं सांगायची रीत न्हाई. पर बाप जाऊन सात वर्षं झाली, मंग सांगणार कुणाला?

“रविवारपातुर खरं-खोटं कर,” कडूबाई म्हणली. “काहीच कळलं न्हाई तर मी माझ्या भावाच्या पोरासंगं लग्नाला हो म्हणून टाकते. मंग भरती न्हाई का फिरती न्हाई.”

पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हंजे पळायची परीक्षा, आजपासून एकोणीस दिवसावर आल्तं. प्रांजलीनं दोन वर्षं त्याच्यासाठीच घातल्ती. मागच्या वर्षी तिचं थोडक्यात गेल्तं.

आता गोरख तसा शक्कीच गडी. वडीगोद्रीत कुणी “काय गोरख, बरं हाय का?” म्हणलं तर ह्यो इचारणार, “कामून? काय झालं?” सांजच्याला मेंढरं मोजायचा, मंग दुसऱ्याकडून मोजून घ्यायचा, अन् त्या दुसऱ्याचं बोट मधीच जल्दी फिरलं का ते बी बघायचा. नववीत असताना शाळेची घंटा हारपली अन् मास्तरानं ह्याचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ह्यो मेंढरामागं. घंटा आठ दिवसानं सापडली, पर गोरख काही शाळेला परत सापडला न्हाई.

पर बहिणीच्या बाबतीत बोलायचं काम न्हाई. वेशीत कुणीतरी म्हणलं व्हतं, “धनगराची पोर अर्ध्या चड्डीवर पळून राह्यली.” गोरख काठी घेऊन त्याच्या दारात गेल्ता अन् म्हणला, “पुन्हा म्हण. मला नीट ऐकू आलं न्हाई.” त्यो माणूस अजून बी ह्याला बघून रस्ता बदलतो. पहिलं वर्षभर ती पळायची तव्हा ह्यो मागं मोटरसायकलवर, कुत्रे हाकलायला. तिचे पळायचे बूट दोन कोकरं इकून ह्यानंच आणले. अन् म्हणूनच आईनं सांगितलं तव्हा ह्याचं डोकं असं फिरलं, जसं कुणी घरात घुसून गेलंय अन् दार आपणच उघडं ठेवल्तं.

पहिल्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर त्यानं तिची बॅग उलटी केली. मोजे, पायाला गुंडाळायची पट्टी, दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं, त्यातली निम्मी संपलेली. गोळ्या कशाच्या? कुणी दिल्या? अन् एक निळी वही. तिच्यात नुसते आकडे. आठ, आठ, दहा, बारा, बारा, चौदा.

हे भेटायचे टाइम हायेत, गोरखनं ठरवलं. बारा म्हंजे दुपारी बारा. पर चौदा? चौदा वाजता कोण भेटतं? फौजी लोक असं बोलतात. अन् तिच्या अकॅडमीचे रामप्रसाद सर फौजेतून आल्ते.

झालं. गडी तडक ग्राउंडवर. हायवेच्या कडंला सरांनी पोरं पळवायला एक मोकळं रान धरलं व्हतं. सर शिट्टी गळ्यात घालून चुन्याच्या रेघा मारून राह्यले व्हते.

“सर, आमची प्रांजली कशी पळती?”

“आता कुठं पळती? मंगळवारपासून मीच तिला घरी बसवलं.”

“कामून?”

“टायमिंग रोज खराब होत चाललं, भाऊ. मागं आठशे मीटर दोन पन्नासला मारायची, आता तीन दहा. जितकं जास्त पळून राह्यली तितकी मागं चालली. नडगीवर सूज हाय. हात लावला की दचकती.”

“तुम्ही कशाला हात लावला?”

सरांनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. “सूज बघायला. माझी बायको व्हती बाजूला. तिला बी इचारून घे.”

गोरखनं बराबर इचारून घेतलं. बाई म्हणली, “मीच दाबून बघितली नडगी, पोर रडायची तेवढी बाकी राह्यली. आठ दिवस झोप, पोटभर खा, मंग ये, असं सांगितलं यांनी. घरी सांगितलं न्हाई का तिनं?”

घरी सांगितलं नव्हतं. मंगळवारपासून सहा दिवस झाले, अन् पोरगी रोज पाचला बूट घालून निघून राह्यली व्हती. म्हणून आज रविवारी गोरख बाभळीखाली बसला व्हता.

उजाडायच्या आधी ती आली. एकटीच. बूट ठोकले, कंबर वाकवली अन् पाटावरच्या मोरीपासून पार पाणी सोडायच्या गेटापातुर पळत गेली. परत आली. पुन्हा गेली. गोरखनं बाभळीच्या शेंगा तोडून खिशात टाकायला सुरुवात केली, एका फेरीला एक शेंग. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी सायकलवरून गेला, साठीतला म्हातारा, दात न्हाईत. गोरखनं त्याच्यावर बी दोन मिनिटं शक घेतला. पर म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं बी न्हाई.

नवव्या फेरीला ती लंगडायला लागली. अकराव्याला मोरीवर बसली, ओढणीचं टोक दातात धरलं अन् दोन्ही अंगठ्यानं नडगी दाबली. गोरखला तिचा आवाज आला न्हाई, नुसती मान मागं गेलेली दिसली. मंग ती उठली अन् पुन्हा पळाली.

कुणीच आलं न्हाई. तरी बी गोरखचं मन म्हणायचं, हिनं मला बघितलं असंल, म्हणून त्याला येऊ नको म्हणून कळवलं असंल. पर तिचा मोबाईल तर घरी चार्जिंगला लावलेला, त्यानं निघताना डोळ्यानं बघितल्ता.

चौदा शेंगा झाल्यावर ती थांबली. मोरीवर ठेवलेली निळी वही उघडली अन् एक आकडा लिहिला. गोरखनं खिशात हात घालून शेंगा मोजल्या. पुन्हा मोजल्या. वहीतले टाइम भेटायचे नव्हते.

त्यो आडोशातून उठला. पाठीमागं सळसळ झाली तशी ती दगड उचलून वळली.

“दादा? तू इथं काय करून राह्यला?”

“त्यो कोण हाय ते सांग.”

“कोण त्यो?”

“प्रांजू, येडं बनवू नको. आईनं सांगितलंय मला. तीन महिने.”

तिला समजायला थोडा टाइम लागला. समजलं तव्हा ती रडली-बिडली न्हाई. हातातला दगड तिनं पाटात फेकला, असा जोरानं की पाणी दोघांवर उडालं.

“चौदा फेऱ्या मारल्या मी आत्ता. सांजच्याला सहा. मला चालायला दम न्हाई, अन् तुम्ही मला यार देऊन राह्यले?”

“मंग काय झालंय तुला?”

“मला काय माहीत! मला वाटलं बरं झालं, ग्राउंडच्या दिवशी कटकट न्हाई.”

एवढं बोलून ती तरातरा निघाली, अन् चौथ्या पावलाला पाय असा दुमडला की मातीत बसली. गोरखनं तिला उचलली. उचलली तव्हा त्याला भ्या वाटलं. दोन वर्षाखाली जत्रेत त्यानं तिला गर्दीतून उचलून काढल्ती, तव्हा जड व्हती. आता तिचं वजन आजारी मेंढीएवढं.

घरी न नेता त्यानं तिला गिरिजाबाईकडं नेलं. गिरिजाबाई उपकेंद्रातल्या नर्सबाई, राहायला बौद्धवाड्यात. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली, गोरख बी त्यातच. त्या चहा पीत व्हत्या. सगळं ऐकून त्यांनी पोरीला आत नेलं, तपासणी केली अन् बाहेर येऊन दिवस गेले का ते दावणारी पट्टी गोरखच्या पुढं धरली.

“एकच रेघ हाय. काही न्हाई.”

“पट्टी जुनी तर न्हाई ना?”

गिरिजाबाईनं पाकिटावरची तारीख दाखवली. मंग त्याच्याकडं बघितलं, आत गेल्या अन् दुसरी पट्टी घेऊन आल्या. “ही बी एकच रेघ. तिसरी करू का?”

“न्हाई.”

मंग त्यांनी प्रांजलीला खाटंवर निजवलं अन् मनगट धरून घड्याळाकडं बघितलं. इचारलं, “खाती काय?”

“भिजलेले हरभरे. दोन केळं. भाकर सोडली.”

“कामून?”

“हलकं अंग जल्दी पळतं. मोबाईलवर सांगत्यात.”

“झोप?”

“पडलं की काळीज धडधडतं.”

“पडल्यावर नाडी चौऱ्याण्णव लागून राह्यली. एवढं पळणाऱ्या पोरीची साठ-पासष्ट लागावी.” मनगट सोडून त्या गोरखकडं वळल्या. “गोरख, तुझी एखादी मेंढी गाभण न्हाई अन् माजावर बी येईना. तू काय समजतो?”

बहिणीपुढं असला प्रश्न. गोरखनं मान खाली घातली. “लई चालवली असंल. चारा कमी पडला असंल.”

“मंग काय करतो?”

“बसवतो. महिनाभर. मका चारतो.”

“कोणता मेंढा व्हता म्हणून तिला काठी घेऊन इचारतो का?”

गोरखनं उपरण्यानं तोंड पुसलं. खाटंवरून प्रांजली हसली, अन् हसता हसताच रडायला लागली. गिरिजाबाईनं तिला रडू दिलं.

“पळून अंग दुखतं, ते दोन दिवसात उतरतं, त्याचं काही न्हाई,” त्या मंग पोरीला म्हणल्या. “पर झोप उडली, भूक मेली, जास्त पळून टायमिंग खराब झालं, अन् हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येती, तर तिथं थांबायचं. पाळी गेली तव्हाच थांबायला पाहिजे व्हतं. ती कटकट न्हाई बाई, ती खबर हाय.”

दुसऱ्या दिवशी अंबडला पायाचा एक्स-रे फोटो काढला. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर. डॉक्टर म्हणले, सहा आठवडे पळणं बंद, न्हाई तर हाड तुटंल. ग्राउंडला अठरा दिवस राह्यले व्हते.

प्रांजलीनं आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी गोरख पहाटे उठला तर ती बूट घालून राह्यली व्हती. त्यो दारात आडवा झाला.

“सरक.”

“न्हाई.”

“शक व्हता तव्हा चौदा फेऱ्या पळू दिल्या. आता भरवसा आला तर आडवा पडतो?”

“भरवसा कुठं आला? मी झोपलो की तू पळणार, पक्का शक हाय मला.”

तिनं त्याला लाथ मारली, दुखऱ्या पायानंच, अन् स्वतःच कळवळून खाली बसली. त्यानंतर गोरख रोज दारातच झोपला. बूट कुठं ठेवले ते आईला बी सांगितलं न्हाई. आई बी पोरीला देऊन टाकंल, असा त्याला शक.

ग्राउंडच्या दिवशी जालन्याला बाकीच्या पोरी जीपनं गेल्या. हॉर्न ऐकू आला तरी ही उठली न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यली. डोळा कव्हा लागला तिला बी कळलं न्हाई, उठली तव्हा नऊ वाजून गेल्ते. उठून तिनं दोन भाकरी खाल्ल्या, अन् गोरखला म्हणली, “माझं वर्ष गेलं.”

“गेलं,” गोरख म्हणला. खोटं बोलून तिची समजूत काढायचं त्याला सुचलं न्हाई.

दुसऱ्या महिन्यात पाळी आली. कडूबाईनं भावाला न्हाई म्हणून कळवलं. पर पोरीला काही बोलली न्हाई. चुकलं बी म्हणली न्हाई. नुसतं ताटात भाकर वाढताना वर लोण्याचा गोळा ठेवायला लागली, अन् पोरगी त्यो गोळा न बोलता बाजूला सारून कोरडीच भाकर खायची. असं लई दिवस चाललं. आता ती पुन्हा सरांकडं जाती. मंगळवारी अन् शुक्रवारी सर तिला घरी बसवतात, अन् गोरख त्या दोन दिवशी पाटावर चक्कर मारून येतो, खरंच बसली का ते बघायला.

दिवाळीला कडूबाईची मोठी बहीण आल्ती. तिनं सहज बोलता बोलता सांगितलं तव्हा कळलं. लग्न झालं त्या साली कडूबाई मेंढरामागं वाशीमच्या पुढंपातुर पायी गेल्ती, डोक्यावर बिऱ्हाड अन् पोटाला एक टाइम. सात महिने तिला पाळी आली न्हाई. पोट दिसंना, तरी सासूनं शक घेतला, अन् चार माणसात तिला हातात भंडारा घेऊन शपथ घ्यायला लावली. गोरख जन्मायला अजून तीन वर्षं व्हती.