बर्फावर एकेकटं
मोहफुलांचा वास सुटला की आमच्या गावच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात निघतात, अन् वाघाला चाहूल लागावी म्हणून घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत चालतात. त्या वासानं मला मात्र हिमाचलातला बर्फाचा एक उतार आठवतो. माझी लेक तिकडं लोकांना डोंगर चढवते, तिनंच मला हौसेनं नेलं होतं. रात्री नवा बर्फ पडला होता. त्या उताराशी आमच्यासोबतचा तिथला वाटाड्या म्हणाला, "माताजी, यहाँ से एक-एक करके जाना." मी म्हटलं, "काऊन जी? आमच्या जंगलात तर कोणी कोणाले सोडत नाई." तो म्हणाला, "बर्फ खिसकी तो एक ही दबे, बाकी खोदकर निकालें." लेक पुढं गेली. ती मध्यावर पोचली न पोचली तोच बर्फाच्या आतून धप्प असा आवाज आला, भरलेलं पोतं टाकल्यासारखा; खालचा थर खचला होता, आता सगळा उतारच सुटू शकत होता. ती थबकली. मी ओरडत धावणारच, तर वाटाड्यानं माझा दंड धरला, अन् तिकडून लेक ओरडली, "आई, येऊ नको! तुह्या वजनानं दोघी जाऊ!" मग ती आपल्याच पावलांवर पाय ठेवत हळूहळू परत आली, तोवर मी नुसती उभी, हात कुठं ठेवावे तेही सुचेना. आम्ही तिथूनच माघारी फिरलो. अजूनही ती फोनवर सांगते, "आई, उद्या वर जाऊन राह्यलो आम्ही." मी विचारते, "एकेकटेच चालसान ना?" ती "हो" म्हणते, अन् मी फोन ठेवून घरभर येरझारा घालते.